आधी जनावर, मग माणूस : राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना आणि पशुसंवर्धनमंत्र्यांना पैठणहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मा. मंत्री, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्राणिजन्य रोगांच्या नियंत्रणावर काम करू पाहणाऱ्या तरुण संशोधकांना तालुका पातळीवर पाच वर्षांची मुदत व दोन्ही विभागांचा संयुक्त आधार मिळण्याबाबत

महोदय,

जनावरे, पाळीव पक्षी किंवा वन्य प्राणी यांच्याकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांना प्राणिजन्य रोग म्हणतात. रेबीज, गाठीचा प्लेग, बर्ड फ्लू, माकडताप, ब्रुसेलोसिस आणि गुरांमध्ये फाशी तर माणसांत काळपुळी या नावाने ओळखला जाणारा अँथ्रॅक्स हे सगळे याच गटातले आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाला आजारी पाडू शकणाऱ्या १,४१५ रोगकारकांची यादी करण्यात आली, तेव्हा त्यांतील सुमारे ६१ टक्के प्राणिजन्य निघाले. या रोगांचे एक वैशिष्ट्य असे की पुष्कळदा जनावर आधी आजारी पडते किंवा मरते आणि माणूस त्यानंतर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी अंथरूण धरतो. रोग थोड्या खर्चात आटोक्यात आणण्याची संधी या मधल्या काळातच असते. पण हा काळ प्रशासनात पूर्णपणे कोणत्याच विभागाचा नाही, आणि विद्यापीठांत ज्या तरुण संशोधकांनी त्याचा अभ्यास करायचा त्यांच्या हाती असलेली मुदत त्याला पुरत नाही. ही उणीव भरून काढण्याची सुरुवात पैठण तालुक्यापासून व्हावी, एवढीच मागणी करण्यासाठी प्रस्तुत पत्र लिहिले आहे.

महाराष्ट्राने हा मधला काळ अनेकदा पाहिला आहे आणि बहुतेक वेळा तो हातचा जाऊ दिला आहे. पैठणच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावात ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मरून पडू लागले आणि घराघरांत पिसवांचा उपद्रव वाढला. सप्टेंबरमध्ये तेथे गाठी येऊन ताप भरलेले संशयित रुग्ण सापडले आणि १९६६ नंतर देशात न नोंदलेला प्लेग परतल्याची बातमी झाली. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर होऊन लाखो लोकांनी ते शहर सोडले आणि काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबवली. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधत माणसाकडे वळतात, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले होते. म्हणजे मामल्यात मरणारे उंदीर काय सांगत होते हे जाणून घेण्यासाठी नवे ज्ञान लागणार नव्हते, ते वेळेवर ओळखून दोन्ही बाजूंना कळवणारा माणूस तेवढा गावाच्या जवळ असायला हवा होता.

नंतरच्या घटनांचा क्रमही असाच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची देशातील पहिली साथ सिद्ध झाली, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या त्याच रोगाने दगावल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले. तिन्ही वेळा अंतिम निदान भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेतून आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून दिसू लागलेल्या माकडतापात, म्हणजे गोचिडांमार्फत पसरणाऱ्या क्यासनूर जंगलतापात, रानात मेलेली माकडे ही पहिली खूण ठरते आणि काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांचा ताप त्यामागून येतो.

जनावराकडे न पाहता केवळ रुग्णाकडे पाहिल्याने किती वर्षे वाया जाऊ शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रुसेलोसिसच्या इतिहासात सापडते. डेव्हिड ब्रूस हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर १८८७ साली माल्टा बेटावर होता, त्याचे वय तेव्हा ३२ वर्षांचे होते, आणि दीर्घकाळ चढ-उतार होत राहणाऱ्या तापाने मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून त्याने या रोगाचा जिवाणू शोधून काढला. तो जिवाणू सैनिकांपर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र पुढची अठरा वर्षे कळले नाही, कारण शोध रुग्णालयातच चालू होता. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टराने वरवर धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि रोगाचा साठा शेळ्यांमध्ये असल्याचे उघड झाले. पुढच्या वर्षी सैन्याच्या मुदपाकखान्यातून शेळीचे दूध बंद होताच सैनिकांमधील रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. रोगाला आळा घालणारा निर्णय अखेर औषधाचा नव्हता, दुधाचा होता, आणि तो घेता आला तो डॉक्टर गोठ्यापर्यंत गेल्यामुळे.

पैठण तालुक्याची निवड भावनेपोटी सुचवलेली नाही, त्यामागे भूगोल आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि हिवाळ्यात तेथे रोहित, विविध जातींची बदके, पट्टकादंब हंस असे दूरदेशीचे पक्षी उतरतात. याच पट्टकादंबांचा २००५ साली चीनमधील छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने मोठा संहार झाला होता. तथापि त्यावरून नाथसागराच्या पाहुण्या पक्ष्यांवर ठपका ठेवणे घाईचे ठरेल, कारण हा विषाणू पक्ष्यांच्या पंखांवरून येतो तसा कोंबड्यांच्या खरेदी-विक्रीतून, पिंजऱ्यांतून आणि वाहनांतूनही फिरतो, आणि एखाद्या ठिकाणी यांपैकी कोणता मार्ग खरा हे ठरवण्यासाठीच काठावर वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारा अभ्यासक लागतो. जलाशयाच्या भोवती मासेमारी आहे, गाळपेरीच्या जमिनीवर चरणारी गुरे आहेत, मेंढरे घेऊन फिरणारे धनगरांचे वाडे आहेत. आणि या पट्ट्यातून दर हंगामात ऊसतोडीला निघणारी कुटुंबे बैल, शेळी आणि कुत्रा बरोबर घेऊन जिल्ह्याच्या सीमा ओलांडतात व सहा-सहा महिने जनावरांच्या दावणीशेजारी कोपी घालून राहतात. पक्षी, पाळीव जनावरे, स्थलांतर आणि पाणी हे चारही घटक एका तालुक्यात इतके जवळ आलेले सहसा आढळत नाहीत.

हे संशोधन प्रत्यक्षात कसे दिसते, याचा अंदाज ब्रुसेलोसिसवरूनच येऊ शकतो. गुरांमधील हा रोग सांसर्गिक गर्भपात या नावाने ओळखला जातो, कारण गाय किंवा म्हैस त्यामुळे बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते आणि पुष्कळदा वार अडकते. अशा वेळी घरातले कोणी तरी उघड्या हाताने वार ओढून काढते, मेलेले वासरू उकिरड्यावर टाकले जाते, कुत्री ते ओढून नेतात, आणि गाय पुन्हा दूध देऊ लागली की विषय संपतो. वार, गर्भजल आणि मेलेले वासरू यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. हाताला चीर असली किंवा दूध न उकळता पोटात गेले की हा जिवाणू माणसात शिरतो. त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर व सांधे धरणे, अशक्तपणा अशी लक्षणे घेऊन तो माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला टायफॉइड किंवा हिवतापाचा रुग्ण समजले जाण्याचा मोठा संभव असतो. घरातली गाय गेल्या काही महिन्यांत गाभडली होती का, हा एक प्रश्न विचारला गेला तर निदानाची दिशा बदलू शकते, कारण या रोगाला दोन प्रतिजैविके मिळून सुमारे सहा आठवडे घ्यावी लागतात आणि अर्धवट उपचाराने तो उलटतो.

गोठ्याच्या बाजूने वापरायच्या चाचण्या महाग नाहीत. रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवाचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब आणि रोझ बेंगाल या गुलाबी रंगाने रंगवलेल्या मृत जिवाणूंच्या द्रावणाचा एक थेंब काचेवर एकत्र करून हलवला, तर चार मिनिटांत गुठळ्या दिसतात किंवा दिसत नाहीत. याहून सोपी अशी मिल्क रिंग ही दुधाची चाचणी आहे. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घनपदार्थ) तपासण्यासाठी गायीच्या दुधाचा नमुना रोज घेतलाच जातो. त्यातल्या थोड्या दुधात निळसर रंगवलेले जिवाणू मिसळून नळी तासभर कोमट ठेवली की रोगाची प्रतिद्रव्ये असल्यास वर आलेल्या सायीला निळे कडे धरते आणि खालचे दूध पांढरे राहते. चिकाचे दूध किंवा सुजलेल्या कासेचे दूध मिसळले तर ही चाचणी फसवते आणि शेळीच्या दुधात तिचा भरवसा देता येत नाही, म्हणून तिच्यावरून एखाद्या गायीबद्दल निकाल द्यायचा नसतो. पण कोणत्या गावाच्या दुधाकडे अधिक लक्ष द्यावे हे ती सांगू शकते. कोणत्या केंद्रावर, किती दिवसांनी, किती खर्चात ती चालवली तर उपयोगी पडते, हा प्रश्न पुस्तकात सुटत नाही. नव्या अभ्यासकाने दोन-तीन वर्षे त्याच केंद्रांवर जाऊन तो सोडवायचा असतो.

अडचण येथेच सुरू होते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदा ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. लस दिलेली संकरित कालवड पहिल्यांदा विते ती साधारण अडीच ते तीन वर्षांची झाल्यावर. देशी गाय आणि म्हैस याहून उशिरा वितात. लसीमुळे गाभडणे खरोखर कमी झाले का, हे त्या पहिल्या वेताच्या वेळी कळणार, म्हणजे लस टोचल्यानंतर किमान दोन वर्षांनी. पशुवैद्यकाची पदव्युत्तर पदवी मात्र एकूण दोन वर्षांची असते आणि तिचा बराचसा काळ वर्गातील अभ्यासक्रमात जातो, त्यामुळे विद्यार्थ्याच्या वाट्याला नमुने गोळा करण्यासाठी काही महिनेच उरतात. साहजिकच अशा विद्यार्थ्याचा लघुप्रबंध एका तालुक्यात किती टक्के जनावरांच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडली, एवढे सांगून थांबतो; पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी दुसऱ्या तालुक्यात तीच टक्केवारी काढतो, आणि पहिल्या गायींचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही.

अशा पाहण्या निरुपयोगी असतात, असे येथे म्हणायचे नाही. भारतात रेबीजने दरवर्षी १८ ते २० हजार माणसे मरतात असा अंदाज अनेक वर्षे सांगितला जात होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासकांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतून हा आकडा वर्षाला सुमारे ५,७०० असल्याचा अंदाज पुढे आला. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे मृत्यू संपवण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या देशाला खरा आकडा माहीत असणे आवश्यकच होते. परंतु मोजणी ही नियंत्रणाची पहिली पायरी आहे, आणि तरुण संशोधकांची पिढीमागून पिढी याच पायरीवर उभी राहिली तर दोष त्यांच्याकडे जात नाही, त्यांना दिलेल्या मुदतीकडे जातो.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलले गेले पाहिजे. जगातील अनेक देशांनी ब्रुसेलोसिस आटोक्यात आणला तो तपासणीत बाधित ठरलेली जनावरे मारून आणि मालकांना भरपाई देऊन. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी असल्याने तो मार्ग येथे उपलब्ध नाही, आणि त्या कायद्याविषयीचे मत काहीही असले तरी संशोधनाला ही वस्तुस्थिती गृहीत धरूनच चालावे लागेल. आज एखाद्या शेतकऱ्याला त्याची गाय बाधित असल्याचे सांगितले, तर त्याच्यापुढे ती सांभाळून तोटा सोसणे किंवा गुपचूप बाजार दाखवणे हे दोनच पर्याय उरतात. दुसरा पर्याय निवडला गेला की तपासणीनेच रोग पुढच्या गावात पोहोचवलेला असतो. गाभडलेली गाय किती दिवस वेगळी बांधली तर पुरे, वेगळा गोठा शक्य नसेल तर काय करावे, दूध उकळून किंवा डेअरीत पाश्चरीकरण होऊन जाणार असेल तर शेतकऱ्याचा तोटा कितीसा राहतो, आणि अशा गायीच्या मालकाला थोडी भरपाई दिली तर तो तिला बाजारात नेणे टाळतो का, या प्रश्नांची उत्तरे परदेशी ग्रंथांत आयती मिळणार नाहीत. ती येथेच शोधावी लागतील.

तिसरी गोष्ट नोंदींची आहे. माणसासाठी १०८ आणि जनावरासाठी १९६२ असे दोन स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक आहेत, गायीच्या कानात १२ अंकी बिल्ला आहे आणि रुग्णाचे १४ अंकी आरोग्य खाते आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ठरावीक पशुरोगांची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे आणि २००४ पासून माणसांच्या साथरोगांचे एकात्मिक सर्वेक्षणही चालू आहे. या व्यवस्था आपापल्या जागी असल्या, तरी तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी दर आठवड्याला एकमेकांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत, अशी दिनचर्या घडवायला हवी. गाभडलेल्या गायींची आणि निदान न लागलेल्या तापांची यादी एका टेबलावर आणणे हे प्रगत यंत्रांचे काम नाही. ते चिकाटीचे आणि विश्वासाचे काम आहे, आणि उमेदीच्या वर्षांत असलेला संशोधक ते उत्तम करू शकतो.

या मागणीवर काही आक्षेप येतील, ते रास्तही आहेत. नागपूर येथे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली असताना तालुक्यात वेगळी व्यवस्था कशाला, असे विचारले जाईल. वन हेल्थ म्हणजे माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहण्याची दृष्टी. त्या संस्थेची किंवा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची गरज वादातीत आहे, परंतु प्रयोगशाळा तिच्यापर्यंत आलेल्या नमुन्याचीच तपासणी करू शकते, आणि नमुना कधी व कोठून उचलायचा हे गावाजवळ राहणाऱ्यालाच कळते. खेड्यात राहून दर्जेदार संशोधन होईल का, या शंकेचे उत्तर तर पैठण तालुक्यातच आहे : पाचोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने माता आणि किशोरवयीन मुली यांच्या आरोग्यावर कित्येक दशके क्षेत्रीय संशोधन केले असून, गावात टिकून राहिलेल्या अभ्यासकांमुळेच ते शक्य झाले.

हे सर्व लक्षात घेता आपल्या दोन्ही विभागांकडे पुढील चार मागण्या आहेत.

पहिली, पैठण तालुक्यासाठी पाच वर्षांची संयुक्त संशोधन अधिछात्रवृत्ती सुरू करावी, तीत एक पशुवैद्यक आणि एक मानवी वैद्यकाचा पदवीधर यांना जोडीने नेमावे, आणि त्यांचे वेतन दोन्ही विभागांनी निम्मे-निम्मे उचलावे, म्हणजे त्यांच्या अहवालाला दोन्हीकडे मालक राहील.

दुसरी, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालयांनी या विषयावरील लघुप्रबंधांची साखळी करावी. एका विद्यार्थ्याने निवडलेले कळप त्यांच्या बिल्ला क्रमांकांसह पुढच्या विद्यार्थ्याकडे सोपवले जावेत, जेणेकरून दोन वर्षांची पदवी असूनही अभ्यास सहा वर्षांचा होईल. या मागणीला नवा निधी जवळजवळ लागत नाही.

तिसरी, या तरुणांच्या जिवाची काळजी घेतली जावी. ब्रुसेलोसिसची लस जिवंत जिवाणूंची असते आणि टोचताना सुई हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर लसीकरण करणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. तरीही मोहिमेच्या धावपळीत हातमोजे आणि चष्मा मागे पडतात. गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पशुधन पर्यवेक्षकाला ही साधने, रेबीजची आगाऊ लस, वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि विमा मिळणे ही अधिछात्रवृत्तीची अट असावी.

चौथी, निष्कर्ष प्रथम ग्रामसभेत आणि दूध संकलन केंद्रावर मराठीत मांडले जावेत, आणि बाधित जनावरे वेगळी ठेवणाऱ्या पशुपालकांना भरपाई देण्याचा प्रयोग याच तालुक्यात करून पाहावा. कारण ज्याने रक्त घेऊ दिले त्याला निकाल कळला नाही, किंवा निकालाचा केवळ भुर्दंड सोसावा लागला, तर पुढच्या संशोधकाला त्या गावात कोणी दावणीपर्यंत येऊ देणार नाही.

पदव्युत्तर प्रवेशांची पुढची फेरी सुरू होण्याआधी दोन्ही विभागांचा एक संयुक्त शासन निर्णय निघाला, तर पहिली जोडी यंदाच्या वासरांना लस टोचली जात असतानाच कामाला लागेल आणि तीच वासरे पहिल्यांदा वितील तेव्हा त्यांच्या नोंदवहीत उत्तर असेल. निर्णय एक वर्ष लांबला तर वासरांची एक पूर्ण पिढी न मोजता हातची जाईल, आणि ती नंतर कितीही निधी ओतला तरी परत मोजता येणार नाही. म्हणून या पत्राचे उत्तर आश्वासनाऐवजी तारखेच्या रूपाने मिळावे, ही विनंती.

कळावे.

पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर येथील एक नागरिक

प्रत माहितीसाठी :
मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक